पोरगं गोव्याला चाललंय? अडवू नका, कागद सांभाळा

दादा, सावंतवाडीत पोरांचा फुटबॉल क्लब काढलात की चांगलं पोरगं गोव्याच्या क्लबकडे जाणं हे होणारच. बांदा ओलांडलं की गोवा. चांगला विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) तिकडे बघणारच. निष्ठा बाँडपेपरवर लिहून मिळत नाही.

नवीन क्लबवाले हमखास करतात त्या चुका:
- जन्मदाखल्याची मूळ प्रत अडकवून ठेवणे. झेरॉक्स घ्या, मूळ प्रत त्याच दिवशी परत द्या.
- ना-हरकत पत्रासाठी पालकांना हेलपाटे घालायला लावणे. पोरगं जातंच, वर गावभर बदनामी.
- नुसत्या हजेरीवहीवर भागवणे. सगळ्यात महागात पडते ती हीच.

कारण असं. खेळाडूची पुढे कधी पैसे मोजून आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर फिफाच्या (जागतिक फुटबॉल महासंघाच्या) नियमाने रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 वयासाठी वर्षाला 0.25 टक्के, पुढे 0.5. म्हणजे ती चारही वर्षं तो तुमच्याकडे असेल, तर 1 कोटीमागे 1 लाख. पण हे नोंदणीवर ठरतं. म्हणून बाराव्या वर्षापासून दर हंगामात एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नाव घाला. जन्मतारीख आणि स्पेलिंग दाखल्याबरहुकूम. अर्थात असा पैसा क्वचितच येतो, त्याच्या भरवशावर जाळी-बॉल उधारीवर आणू नका.

खेळाडू घडवल्याबद्दल क्लबला मिळणाऱ्या भरपाईचे बाकी नियम सध्या राहू द्यात. पोरगं गणपतीला घरी आलं की मैदानावर बोलवा, बारक्यांना क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेला बॉल) मारून दाखवायला सांगा.