क्लर्क म्हणजे अध्यक्ष? मुळीच नाही!

प्रश्न असा आला आहे : ब्रिटनमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत एक 'क्लर्क' असतो. त्याला मराठीत अध्यक्ष म्हणायचं की सचिव? आणि त्यांचे निर्णय 'बहुमताने' होतात, असं लिहिलं तर चालेल का?

अध्यक्ष तर नकोच. चार डोकी जमली की पाचवा अध्यक्ष हवाच, ही आपली खोड भाषांतरातही उतरते. क्वेकरांचा क्लर्क बिनपगारी असतो आणि सहसा तीनेक वर्षांनी बदलतो. सभेत तो स्वतःचं मत रेटत नाही. बोलणाऱ्याला खुणावतो, चर्चेचा कल ओळखतो आणि ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो. एखादा शब्द खटकला तर तिथेच खोडायचा. पटलं तर लोक म्हणतात, 'होप सो'. घरी जाऊन सावकाश इतिवृत्त 'तयार करायची' सोयच नाही. (हाउसिंग सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी जरूर वाचावं.)

आता खरी गंमत. क्लर्कचं मूळ ग्रीक 'क्लेरॉस', म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. त्यावरून लॅटिन 'क्लेरिकस', म्हणजे चर्चचा धर्माधिकारी. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारा बहुधा तोच, म्हणून पुढे क्लर्क म्हणजे लेखनिक. पाद्रीवर्गाला म्हणतात ती 'क्लर्जी' त्याची सख्खी बहीण. आणि क्वेकरांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने तर सतराव्या शतकात पगारी पाद्र्यांवरच हत्यार उपसलं होतं! देवाचा प्रकाश प्रत्येकात आहे, मध्ये दलाल कशाला, हा त्याचा सवाल. १६५० साली डर्बीत तो तुरुंगात गेला, 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, ही हेटाळणीही त्याच प्रकरणात न्यायाधीशाकडून मिळाली. त्याच्या ब्रिटिश वारसांकडे आजही पाद्री नाही, पण पाद्र्याचं नाव लावणारा क्लर्क मात्र प्रत्येक सभेत टेबलाशी बसलेला!

मराठीत मी 'कारकून'च म्हणेन. फारसी 'कार' म्हणजे काम, 'कुन' म्हणजे करणारा. काम करणारा, बस्स. सरकारी परिभाषेने त्याच्या जागी 'लिपिक' आणून बसवला, म्हणजे काम गेलं आणि लिपी तेवढी उरली. शुद्धीवाल्यांना फारसीची ॲलर्जी, त्याला इलाज नाही. 'सचिव' शिवकाळात सुरनिसाच्या जागी आला, पण आज तो ऐकला की मंत्रालयच डोळ्यांपुढे येतं. फार तर 'चिटणीस' चालवून घेईन. त्यातही चिठ्ठी आहे, क्लेरॉसमध्येही चिठ्ठी. दोन चिठ्ठ्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हा योगायोग मी सोडणार नाही.

हां, बहुमत राहिलंच. तिथे मतदानच होत नाही, तर बहुमत कुठलं? २००९ साली यॉर्कमधल्या वार्षिक सभेत ब्रिटिश क्वेकरांनी समलिंगी विवाहांना मान्यता दिली, तीही हात वर न करता. इंग्लंडमध्ये कायद्याने असे विवाह सुरू झाले २०१४ मध्ये. 'एकमताने'ही नेमकं नाही, कारण एखाद्याचं मत वेगळं असूनही तो वाट अडवत नाही. अनुमती सगळ्यांची, मत एकच असेल असं नाही. तेव्हा 'सर्वानुमते' लिहा. फक्त एक करा : दोघांनी लेखी विरोध नोंदवलेल्या ठरावाखाली आपल्याकडे तोच शब्द ठोकून देतात, ते आधी बंद करा.