जर्मनीत पीएच.डी.ची जागा मिळाली, सोलापूर सोडण्याआधी कागदपत्रं आणि घराचं काय करू?

आधी नावं जुळवा. आपल्या मार्कशीटवर आडनाव पुढे, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर वेगळाच क्रम. माझं तिथेच अडलं होतं. ट्रान्स्क्रिप्टचा (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) अर्ज आजच केगावला विद्यापीठात टाका. व्हिसासाठी मुंबई, म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहेच.

खरी डोकेदुखी जर्मनीतल्या घराची. तिथे राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ते न देणारी खोली कितीही स्वस्त असो, नकोच. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग वगैरे खर्च सोडून), आणि करार हातात येण्याआधी छदामही पाठवू नका. विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत आत्ताच नाव घाला. शेंगाचटणीचं आई बघेलच.