केमोनंतर दिवसा ग्लानी, रात्री जागरण: आईंसाठी काय करता येईल

ताई, दुसऱ्या केमोनंतर आईंना दिवसभर उठवत नाही, रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही आणि घरचे म्हणतात 'पडून राहू दे', असं तुम्ही लिहिलंय. मिस्टरांच्या केमोत आमच्याकडेही हेच चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

हा आळस नाही, आणि आजार वाढलाय असंही त्यावरून समजू नका. केमोचा थकवा झोपून उठल्यावरही जात नाही. बहुतेकांना डोसनंतरचे काही दिवस तो फार असतो, पुढच्या डोसच्या आधी जरा हुशारी येते. पाहुणे, बँकेची कामं तेव्हाच ठेवा.

जागरणाचं एक कारण आईंच्या फाइलमध्येच सापडू शकेल. उलटी आणि ॲलर्जी टाळायला केमोसोबत बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड, झोप उडवतं. घरी घ्यायच्या गोळ्यांत ते असेल तर सकाळीच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचंही विचारा. हिमोग्लोबिन फार उतरलं असेल तर त्यावर उपचार आहेत. ओपीडीत वेळ थोडा मिळतो, त्यामुळे आठवडाभराची झोप वहीत लिहून न्या. दुखतंय का, मनात धास्ती आहे का, तेही सांगा.

'पडून राहू दे' हे मला अजिबात पटत नाही. या थकव्यावर हलकं चालणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर घरातल्या घरात, मग सोसायटीच्या आवारात, झेपेल तेवढंच. चक्कर येत असेल त्या दिवशी नको. दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा, नाहीतर रात्र जागूनच जाते. संध्याकाळनंतर चहा बंद. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला लोकलने जात असाल तर कॅन्सर रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा. गर्दीतल्या धक्क्यांनीच निम्मी ताकद संपते.

अश्वगंधा वगैरे कुणी सुचवलं तर आधी ऑन्कोलॉजिस्टला विचारा.

आणि थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप 100.4 किंवा वर गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन करून निघा. केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना सकाळची वाट बघायची नसते.