व्हेलममधला टॅसिटस आणि घराचे पैसे

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला, एकदा पैशांचा प्लॅनर म्हणून आणि एकदा जुन्या पुस्तकांचा वेडा म्हणून, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नेदरलँड्समध्ये युट्रेख्तला राहता, तुम्ही ३६ च्या, मिस्टर ३३ चे, बँकेत मिळून १४,००० युरो, सहा महिन्यांत ४,१०,००० च्या आसपासचं पहिलं घर घ्यायचंय. आणि त्यात लायडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात टॅसिटस, म्हणजे त्या रोमन इतिहासकाराचा लॅटिन ग्रंथ, दिसला, डॅनियल एल्झेव्हियरने १६७२ ला ॲमस्टरडॅममध्ये छापलेला, ग्रोनोव्हिउस या पंडिताने संपादलेली आवृत्ती, दोन खंड, पांढऱ्या व्हेलमची (वासराच्या कातड्याची) बांधणी आणि त्यावर शहराचं सोनेरी चिन्ह. दुकानदार २,८०० सांगतोय. शिवराज्याभिषेकाच्या दोनच वर्षं आधीचं पुस्तक हातात धरून अंगावर काटा आला म्हणता, ते मला अगदी पटतं. लेकीच्या शिक्षणासाठी ही इन्व्हेस्टमेंट होईल का, हे मात्र पटत नाही. मिस्टर "डोकं फिरलंय" म्हणाले, ते बोलायला चुकले असतील पण हिशोबाला नाही.

हिशोब बघा. असं पुस्तक दुकानातून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानदाराकडे विकायला नेलं तर तो साधारण निम्मे देईल, बऱ्याचदा त्याहून कमी, कारण त्यालाही ते वर्षानुवर्षं कपाटात ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघायची असते. लिलावात टाकलं तर लिलाववाले आपलं कमिशन कापणार. म्हणजे पहिल्याच दिवशी १,४०० गेले असं धरा. आता हेच २,८०० कुठेतरी ४ टक्क्यांनी १५ वर्षं वाढले तर ५,००० च्या थोडे वर होतात, आणि पुस्तक विकून तेवढेच हातात यायचे तर तोवर त्याची दुकानातली किंमत १०,००० पार जायला हवी, म्हणजे दर वर्षी जवळपास ९ टक्के वाढ. लॅटिन वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत, मग हा टॅसिटस तेवढा वाढेल असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

आणि ही काही दुर्मिळातली दुर्मिळ वस्तू नाही बरं का. ते सोनेरी चिन्ह म्हणजे हा बहुतेक बक्षिसाचा ग्रंथ, इथे त्याला प्राइसबांड म्हणतात. शहराच्या लॅटिन शाळेत पोरगा पहिला आला की शहराचं चिन्ह ठोकलेलं असलं एखादं पुस्तक मिळायचं, आत मुलाच्या नावाचं बक्षीसपत्र. अशी पुस्तकं हॉलंडमध्ये भरपूर निघतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बक्षीसपत्र दिसत नाही आणि बांधायच्या रेशमी फिती पण नाहीत, फक्त त्यांची भोकं आहेत. या दोन्ही गोष्टींनी भाव उतरतो, आणि दुकानदाराला हे तुमच्याआधीपासून माहितीये.

आता घर. इथे बँक घराच्या मूल्यांकनाच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर्ज देते हे खरं, पण वरचा खर्च, ज्याला डच लोक कोस्टेन कोपर म्हणतात, तो आपल्या खिशातून. खरेदीचा २ टक्के कर मिस्टरांच्या अर्ध्या वाट्याला ३५ च्या आतले म्हणून माफ होईल, तुमच्या अर्ध्यावर लागेल, ते ४,१००. नोटरी, मूल्यांकन, कर्जाचा सल्लागार धरून अजून पाचेक हजार. राहिले पाच हजारांच्या आत, आणि त्यातून पुस्तक घेतलं की हाताशी दोन हजार. घरासाठी चढाओढ झाली आणि मूल्यांकनाच्या वर ३,००० बोली लावावी लागली तर बँक त्यातला एक युरो देत नाही, मग काय टॅसिटस विकणार, तो पण घाईत?

नाशिकला आईकडे ठेवू म्हणालात, ते तर अजिबात नको. व्हेलम म्हणजे चुन्यात घालून, ताणून वाळवलेलं वासराचं कातडं, चामड्यासारखं कमावलेलं नसतं, त्यामुळे दमट हवेत ते फुगतं, कोरड्यात आखडतं आणि पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पुरे. त्यात कसर. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू एकदा भारतात नेली की परत बाहेर काढताना १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो.

मग घ्यायचंच नाही का? मी असं करीन. घराच्या सह्या होईपर्यंत दुकानात फिरकायचं नाही, आणि पुस्तक गेलं तर गेलं, दुसरं निघतं. तोवर डच जुन्या छापील पुस्तकांचा एसटीसीएन नावाचा कॅटलॉग ऑनलाइन फुकट आहे, त्यात ही आवृत्ती काढून पानांची मोजणी टिपून ठेवा, म्हणजे एखादं पान गायब असेल तर कळेल. लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात असली पुस्तकं मागवून बघता येतात, तिथे एक दुपार घालवा. (मी असाच एका दुपारी बसलो होतो आणि बायकोचे चार फोन मिस केले, ते जाऊ दे.)

सह्या झाल्यावर खात्यात तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक असेल तर छंदाच्या खात्यातून घ्या, लेकीच्या नाही. तेव्हा सुद्धा २,८०० नाही, बक्षीसपत्र नाही म्हणून १,८०० पासून बोलायला सुरुवात करा. आणि तोवर धीर धरवत नसेल तर एल्झेव्हियर घराण्याचाच १६४० चा खिशात मावेल असा छोटा टॅसिटस काही शे युरोत मिळू शकतो, त्यात डच कायदेपंडित ग्रोटिउसच्या टिपा आहेत, तोच जो १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून लूव्हेस्टाइन किल्ल्यातल्या तुरुंगातून पळाला. तेवढ्याला मिस्टर नाही म्हणाले तर मला फोन लावून द्या.