औषध दिल्यावर काय बघणार?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. विंचूदंशाची केस एमबीबीएसच्या औषधशास्त्राच्या वर्गात घेतलीस, सगळे गप्प बसले, शेवटी तूच उत्तर सांगून टाकलंस. आता विभागप्रमुख म्हणतात, केसबिस पोरं पुढे वॉर्डात बघतील, तू आधी पोर्शन उरक. आणि तू मला विचारतेस, 'मॅडम, माझं काय चुकलं?'

केस निवडण्यात काहीच चुकलं नाही. गडग्याचे चिरे उपसताना, पेंढ्यात हात घालताना आपल्याकडे तांबडा विंचू चावतो. त्यावरचा इलाज जगाला महाडकडून कळला. डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन देऊन पाहिलं आणि १९८६ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एवढी घरची केस सोडून परदेशी पुस्तकातला पेशंट कशाला आणायचा?

चुकलं ते पुढे. तू विचारलंस, 'कोणतं औषध द्याल?' ज्याला येतं तो सांगतो, बाकीचे वहीत उतरवून घेतात आणि विषय संपतो. विचारायचं होतं ते हे: औषध दिल्यावर काय बघणार?

मला हे फार उशिरा कळलं. बारा वर्षं मी नोट्स उतरवून दिल्या. ॲट्रोपिन या औषधाने काय होतं त्याचा तक्ता होता माझा: तोंड कोरडं, नाडी जलद, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. एका मुलाने तो इतका सुरेख लिहिला की मी त्याचा पेपर वर्गात फिरवला. काही वर्षांनी तो आंब्याच्या बागांच्या टापूतल्या एका दवाखान्यात रात्रपाळीला होता. फवारणीचं औषध प्यायलेला एक गडी आला. याने उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं, बाहुल्या मोठ्या झाल्या आणि याने हात थांबवला. छाती अजून घरघरत होती. पहाटे माणूस गेला. मला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, 'मॅडम, तक्त्यात बाहुल्या होत्या.'

डोस त्याला पाठ होता. १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच अँप्युल, आणि गरज असेल तर दर पाच मिनिटांनी दुप्पट. पण ही 'गरज' कशावरून ठरवायची? छातीवर स्टेथोस्कोप ठेवून. घरघर गेली का, काख कोरडी झाली का, नाडी ऐंशीच्या वर आली का, रक्तदाब सावरला का, हे बघून. एकट्या बाहुल्यांवर थांबायचं नसतं. हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्याचे पूर्ण मार्क मीच दिले होते.

म्हणून सांगते, पुढच्या वेळी उत्तर तोंडातून काढू नकोस. फळ्यावर एवढंच लिही: सहा वर्षांचा मुलगा, १७ किलो, विंचू चावून दोन तास झाले, उलट्या, शर्ट घामाने भिजलेला, हातपाय बर्फासारखे गार. मग दोघादोघांना कोरा कागद दे. औषध कोणतं, किती, दिल्यावर काय बघणार, कशावरून थांबवणार. शांतता पसरेल, पसरू दे. तू घाबरतेस म्हणून ती मोडतेस, त्यांच्या भल्यासाठी नव्हे.

प्राझोसिन किलोला ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने पाचशेच्या आसपास येतं, म्हणजे एक मिलिग्रॅमची साधी गोळी अर्धी. माझ्या वर्गात एका जोडीने दिवसभर सावकाश सुटणारी गोळी मोडून लिहिली होती. त्या एका चुकीवर अर्धा तास गेला आणि तसली गोळी का मोडायची नाही हे सगळ्यांना कायमचं कळलं. मग मागच्या बाकावरून एकीने विचारलं, 'आईने त्याला उचलून उभं धरलं तर?' पहिल्या डोसला रक्तदाब एकदम पडतो, हे माझ्या लेक्चरमध्ये दरवर्षी असायचं. पण तो मुलगा आईच्या कडेवर दिसला तो त्या दिवशी. आणि बघायचं काय? तळहात. ते गरम होईपर्यंत दर तीन तासांनी डोस.

पोर्शनचं म्हणशील, तर माझाही राहिला. एका टर्मला अँटिबायोटिक्सची तीन लेक्चर्स राहिली, तक्रार वर गेली आणि ती बॅच माझ्याकडून काढून घेतली. मी थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं, असं घरचेही म्हणाले. मला तसं वाटत नाही. राहिलेलं त्यांनी पुस्तकातून वाचलं असतं. त्या फोननंतर मला दुसरं काही शिकवणं शक्यच नव्हतं. तुझ्या विभागप्रमुखांना सांग, २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात प्रिस्क्रिप्शन लिहिणं आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या मार्गदर्शिकेतली शेवटची पायरीही हीच आहे: उपचारावर लक्ष ठेवा, मग चालू ठेवा किंवा थांबवा. ऐकले तर ठीक, नाही ऐकले तरी तू तुझा वर्ग घे.

आणि पीपीटी बंद ठेव. सांगूनही तू ते चालू करतेस, मला माहीत आहे.

बुधवारी सर्पदंश घे, आणि जाताना मोजपट्टी ने. नाग चावलेल्या पेशंटच्या पापण्या मिटलेल्या. प्रतिविष चालू आहे, सोबत ॲट्रोपिन देऊन स्नायूंना बळ देणारं निओस्टिग्मिन दिलं. आता काय बघणार? पापणी किती मिलिमीटर उघडली ते मोजून कागदावर लिहायला लाव. मग तोच पेशंट मण्यार चावलेला कर. त्याची पापणी सहसा उघडत नाही. का, ते सांगू नकोस. नागाचं विष स्नायूच्या बाजूला बसतं आणि मण्यारीचं मज्जातंतूच्या टोकाला, इथपर्यंत त्यांनाच पोचू दे. तास संपला तरी चालेल. काय झालं ते मला रात्री कळव.

तुझी,
मॅडम