स्पेलिंग बी स्पर्धेत पाठांतराशिवाय काय असतं? मुलगी पाचवीत आहे, कोल्हापूर.

बरंच असतं ओ. परीक्षक शब्द उच्चारतात, मूल माइकसमोर एकेक अक्षर मोठ्याने सांगतं. पण त्याआधी अर्थ, शब्दाची जात, वाक्यातला उपयोग आणि मूळ भाषा विचारता येते. आमच्या राजारामपुरीतली पोरं इथंच मार खातात, लाजून थेट स्पेलिंगच सुरू करतात! मूळ भाषा कळली की अर्धी लढाई संपते. ग्रीक शब्दात 'फ'साठी बहुधा पी-एच येतं, फ्रेंचमधून आलेल्यात 'श'साठी पुष्कळदा सी-एच.

अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासूनची. १९८५ साली बालू नटराजन जिंकला, तो तिथला पहिला भारतीय वंशाचा विजेता. २०१९ मध्ये तर कस लागेल असे अवघड शब्द संपत आले, पोरं हटेनात, शेवटी ८ जणांना विजेते ठरवावं लागलं. नाद खुळा! तिथं अडखळलं तर पहिल्यापासून पुन्हा सांगता येतं, मात्र बोललेली अक्षरं बदलता येत नाहीत.

आपल्याकडच्या शाळांत पहिली फेरी पुष्कळदा लेखी असते, तेवढं शाळेत विचारून घ्या. सराव मात्र तोंडीच करा. संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारताना रोज दहा शब्द पुरेत.