उसाचं पाचट जाळणाऱ्यांना पंजाबसारखा दंड लावला, तर चिकोडी-निपाणीकडची हवा सुधारेल का?

तुम्ही चिकोडीत राहता, जानेवारीत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते आणि शेतकऱ्यांना दंड का होत नाही, असं विचारलंय. मी निपाणी भागातला. ऊस लावतो. पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं, ती मी जाळत नाही, आणि त्यापायी एकदा अर्धा एकर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक, गमावून बसलोय.

चार वर्षांमागची गोष्ट. माझं आणि थोरल्या भावाचं रान शेजारी, मध्ये दीड हाताचा बांध. ऊसतोड मजुरांची टोळी फड तोडून गेली. मी बुडखे जमिनीसरशी छाटले, पाचट सरीत दाबलं, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं कल्चर टाकलं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यातला कर्ब आणि नत्र आपल्याच रानात मुरवायचा सोडून धुरात घालवायचा आणि मग खताच्या दुकानात उधारी करायची, हे मला पटत नाही. दादा म्हणाला, "उंदीर पाळ आता. पाणीही पुढं जायचं नाही."

त्याचं एक खरं निघालं. पाटानं पाणी सोडलं की पाचट वाहत जाऊन तटतं, शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात. मोटारीची थ्री-फेज वीज रात्रीची. मी बॅटरी तोंडात धरून फावड्यानं पाचट उचकतोय आणि हा बांधावर उभा राहून हसतोय.

अकराव्या दिवशी त्यानं स्वतःचं पेटवलं. संध्याकाळची वेळ, म्हणे वारं पडलंय. दहा मिनिटांत जाळ बांध ओलांडून माझ्यात शिरला. बोटभर फुटवे आले होते. पीव्हीसी पाईप मेणासारखा वाकला. आई घागर घेऊन धावली, पण घागरीनं काय विझतंय? आम्ही निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी बडवून बडवून विझवलं. भुवया जळाल्या माझ्या. सगळं थंड झाल्यावर दादा म्हणाला, "तू पण जाळलं असतंस, तर तुझ्यात शिरायला काही उरलंच नसतं."

म्हणजे जो जाळत नाही त्याच्याच रानात जळण साठलेलं! गावानं मिळून ठरवल्याशिवाय एकट्यानं पाचट राखणं हा जुगार आहे. दंडानं हे कसं सुटणार?

पंजाबचं उदाहरण देताय, पण तिथलं गणित वेगळं. २००९ च्या कायद्यानं तिथं भाताची लावणी पुढं ढकलली, त्यामुळे काढणी ते गव्हाची पेरणी यात दोन-तीन आठवडेच उरतात, म्हणून भाताचं काड पेटवतात. २०२४ मध्ये तिथला दंड दुप्पट झाला: दोन एकरांच्या आत ५,०००, पाचपर्यंत १०,०००, त्यावर ३०,००० रुपये. आमच्याकडे पेरणीची घाई नाही, खोडवा जागेवरच फुटतो. आम्ही जाळतो ते पाणी सरळ जावं, मजुरी वाचावी म्हणून आणि निम्मं सवयीनं. माझं मत विचाराल तर उसाबरोबर पाचटाची जबाबदारीही कारखान्यांवर टाका. टोळी हलली की दुसऱ्या दिवशी पाचटाचे बारीक तुकडे करणारं कुट्टी मशीन रानात आलं पाहिजे. काडेपेटी दोन रुपयांत मिळते आणि वेळेवर मिळते, मशीनचं तसं नाही.

आणि सरकारचं म्हणाल तर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, सांगली आहे, कर्नाटकातलं हुबळी-धारवाड आहे. मधला आमचा उसाचा पट्टा नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या दूधगंगेवरून धूर जाताना हद्द बघून जातो की काय?

हो, सगळा दोष पाचटाचाही नाही. कारखान्यांची धुराडी, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, हायवे, सगळ्यांचं आहे त्यात. थंडीत धूर वर न जाता खालीच बसतो, म्हणून राख पहाटे जास्त दिसते. आणि पाटपाण्याचं रान असेल तर माझ्यासारखं सगळ्या सऱ्यांत पाचट भरू नका, एक आड एक सरीत ठेवा, पाणी मोकळ्या सरीतून द्या. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

यंदा दादानं भाड्यानं कुट्टी मशीन आणलं. विचारलं तर म्हणतो, जाळ राखायला माणसं मिळत नाहीत. हे उत्तर पुतण्या त्याला वाचून दाखवणारच, म्हणून लिहून ठेवतो. दादा, त्या संध्याकाळी वारं होतं.